व्हिनाईल रेकॉर्डचं वेड सुटत का नाही, ते खाचेपासून समजून घेऊ

व्हिनाईल रेकॉर्डचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, डिजिटलला ती मजाच नाही, रेकॉर्डचा आवाज कसा भरीव, जिवंत. दुसरा म्हणतो, हे सगळे मनाचे खेळ आहेत, मोबाईलवर याच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतं. नुसती मोजमापं बघितली तर दुसरा बरोबर आहे, आणि तरीही रेकॉर्ड घेणारे वाढतच चाललेत. अमेरिकेत २०२२ साली साधारण ४.१ कोटी रेकॉर्ड्स विकल्या गेल्या आणि सीडी ३.३ कोटी, म्हणजे नगांच्या हिशोबात १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्डने सीडीला मागे टाकलं. त्याच वर्षी तिथल्या रेकॉर्डेड संगीताच्या कमाईत ८४ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता, त्यामुळे गाणी दुसरीकडे मिळत नाहीत म्हणून लोक रेकॉर्डकडे वळले असं अजिबात नाही. सगळं संगीत खिशात असताना लोक बारा इंचाची प्लास्टिकची तबकडी घरी आणतायत.

मला विचाराल तर "आवाज जास्त चांगला" हे उत्तर अर्धवट आहे, आणि "नुसती जुन्याची हौस" हे तर त्याहून अर्धवट. रेकॉर्डमध्ये आवाज एका खऱ्याखुऱ्या आकाराच्या रूपात असतो, डोळ्यांना दिसणाऱ्या, बोटाला लागणाऱ्या. त्या आकाराला काय जमतं आणि काय जमत नाही यावरून गाणं कसं रेकॉर्ड करायचं, कुठल्या क्रमाने लावायचं, किती वेळ बसून ऐकायचं हे सगळं ठरत गेलं. म्हणून हे वेड समजून घ्यायचं तर आधी ती खाच समजून घ्यायला हवी. वाटतं तेवढं अवघड नाहीये ते.

एलपीच्या, म्हणजे नेहमीच्या बारा इंची लाँग-प्ले रेकॉर्डच्या, एका बाजूवर खाचा पुष्कळ दिसतात पण असते एकच. बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन गोल गोल फिरत आत जाणारी एकच लांब खाच. बावीस मिनिटांची बाजू असेल आणि ती खाच उलगडून सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. रुंदी माणसाच्या केसाच्या आसपास, किंवा त्याहून थोडी कमीच. खाचेच्या दोन्ही भिंती नागमोडी असतात आणि ते वळणंवळसे म्हणजेच गाणं. आवाज म्हणजे हवेतली थरथर, ती थरथर जशी होती तशी भिंतीवर कोरलेली, मग सुई त्या खाचेतून जाताना तशीच थरथरते, झालं. मध्ये कुठे आकडे नाहीत, कोड नाही, काही उलगडून वाचावं लागत नाही.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी करून बघा. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा, तुम्हाला काळ्या रंगातच वेगवेगळे पट्टे दिसतील. जिथे संगीत शांत आहे तिथे पट्टा जास्त काळा आणि गुळगुळीत, जिथे जोरात आहे तिथे करडा, खरखरीत, कारण तिथे खाच जास्त हेलकावे खाते आणि प्रकाश विखुरतो. दोन गाण्यांच्या मधली जागा तर लांबूनही वेगळी कळते. म्हणजे ड्रम कुठे सुरू होतात हे चक्क डोळ्यांनी बघता येतं! दुसरी गोष्ट, रेकॉर्ड लावा आणि ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण बंद करा, कान सुईजवळ न्या. गाणं ऐकू येतं. बारीक, किरकिऱ्या आवाजात, पण शब्द कळण्याइतकं. ते स्पीकरमधून येत नाहीये, ती सुई स्वतः हलतेय आणि तिच्या हलण्याचा आवाज येतोय. हे पहिल्यांदा ऐकल्यावर रेकॉर्ड म्हणजे काय हे जितकं कळतं तितकं दहा लेख वाचून कळत नाही, हासुद्धा धरून.

आणि म्हणूनच १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर संगीत पाठवायचं ठरलं तेव्हा रेकॉर्डच पाठवली. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, सोबत सुई आणि काट्रिज (सुई जिथे बसते आणि तिच्या हलण्यातून विजेचा सिग्नल बनतो तो भाग), आणि कव्हरवर ती कशी वाजवायची याच्या आकृत्या. मिनिटाला १६⅔ फेरे या वेगाने फिरवायची. केसरबाई केरकरांची भैरवी त्याच तबकडीवर आहे आणि ती आता सूर्यमालेच्या ग्रहांच्या पलीकडे पोचलीय. जो कोणी कधीतरी उचलेल त्याला आपले फाईल फॉरमॅट माहीत असण्याची गरज नाही, खाचेतून टोकदार काहीतरी फिरवता आलं की पुरे.

आता थोडा इतिहास, पण भरभर. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला, त्यात तबकडी नव्हती, वर्खाचा पत्रा गुंडाळलेला सिलेंडर होता. सपाट तबकडी आणली एमिल बर्लिनरने, १८८७ मध्ये, आणि सपाट असल्यामुळे ती साच्यातून छापता यायला लागली, हा खरा मोठा बदल. मग कितीतरी दशकं लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड्स चालल्या, जड, पडल्या की फुटणाऱ्या, आणि एका बाजूला जेमतेम तीन ते पाच मिनिटं. १९४८ मध्ये कोलंबियाने व्हिनाईलची एलपी आणली, ३३⅓ फेरे, खाच साधारण तीन पटीने अरुंद, त्यामुळे एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावायला लागली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने सात इंची ४५ फेऱ्यांवाली काढली, ती एकेका गाण्यासाठी. या तीन वेगांपैकी पहिला गेला, बाकीचे दोन अजून तसेच आहेत, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं टर्नटेबल, रेकॉर्ड वाजवायचं मशीन, आजची नवी रेकॉर्ड वाजवतं आणि आजचं टर्नटेबल १९५० ची एलपी वाजवतं. दुसरा कुठला फॉरमॅट असा इतकी वर्षं टिकलाय, मला तरी पटकन आठवत नाही.

स्टिरिओचं कोडं मला स्वतःला सगळ्यात आवडतं. खाच एक, सुई एक, मग डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज येतात कुठून? ब्लमलाइन नावाच्या इंग्लिश इंजिनियरने १९३१ मध्येच याच्या पेटंटसाठी अर्ज करून ठेवला होता, बाजारात स्टिरिओ रेकॉर्ड्स यायला मात्र १९५७-५८ उजाडलं. खाच इंग्रजी व्ही आकाराची असते, दोन भिंती ४५ अंशात तिरक्या. आतली भिंत म्हणजे मधल्या भोकाकडची, तिच्यावर डावा चॅनल, बाहेरच्या भिंतीवर उजवा. सुई दोन्ही भिंतींना टेकून चालते, एका भिंतीने ढकललं तर एका तिरक्या दिशेला हलते, दुसरीने ढकललं तर दुसऱ्या तिरक्या दिशेला, आणि काट्रिजमध्ये दोन कॉईल्स अशा बसवलेल्या असतात की प्रत्येकीला फक्त आपल्या दिशेचं हलणं कळतं. यातून एक मस्त गोष्ट निघते. दोन्ही चॅनलमध्ये सारखाच आवाज असेल, जसं मधोमध उभा असलेला गायक, तर सुई फक्त डावी-उजवी हलते. आणि दोन्हीत फरक असेल तेवढीच ती वर-खाली होते.

इथेच पहिली अडचण आली. समजा जबरदस्त बेस, म्हणजे खालचे जाड सूर, नुसता डाव्या बाजूला ठेवला, तर सुई जोरात वर-खाली होणार, खाच कुठे खूप खोल कुठे एकदम उथळ, आणि सुई बाहेर उडी मारणार. म्हणून रेकॉर्ड कापणारे इंजिनियर बेस मध्यावर आणून ठेवतात. तसंच "स", "श" असे शिट्टीदार आवाज, त्यात सुईला फार वेगाने हलावं लागतं, ते जास्त झाले की फाटलेले ऐकू येतात, म्हणून तेही आधीच थोडे मऊ करून घ्यावे लागतात. तुम्ही ज्याला रेकॉर्डचा उबदार आवाज म्हणता त्यातला बराचसा भाग हा इथून येतो. थोडा सुई आणि काट्रिजच्या स्वतःच्या स्वभावातून, आणि थोडा, हे मान्य करायला हवं, एका ठरावीक प्रकारच्या डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मूळ आवाजात पडणाऱ्या फरकातून, जो कानाला गोड लागतो.

बेसचं अजून एक लचांड आहे. खालचे सूर जसेच्या तसे कोरले तर खाच एवढी रुंद डुलेल की एका बाजूला पाच-सात मिनिटंच मावतील. आणि वरचे सूर एवढे बारीक की पृष्ठभागाच्या खसखसीत बुडून जातील. म्हणून रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर मुद्दाम वाढवतात, आणि वाजवताना फोनो प्रीॲम्प नावाचा छोटा ॲम्प्लिफायर बरोबर याच्या उलट करतो. गादी प्रवासासाठी घट्ट गुंडाळून बांधायची आणि घरी पोचल्यावर पुन्हा उलगडायची, तसं. किती कमी आणि किती जास्त याचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. २० हर्ट्झला साधारण दहापट कमी, २० हजार हर्ट्झला साधारण दहापट जास्त. त्यामुळे टर्नटेबलची वायर साध्या ऑक्स इनपुटमध्ये लावली की आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो आणि नवीन माणसाला वाटतं मशीन बिघडलं, तर बिघडलेलं काही नसतं, फोनो प्रीॲम्प मध्ये नसतो एवढंच. काट्रिजमधून येणारा सिग्नलही अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्ट, तोही तिथेच वाढवला जातो.

आता माझ्या मते ज्याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात आणि ज्याचा परिणाम सगळ्यात जास्त झाला ती गोष्ट. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात खाच लांब असते आणि आत लेबलजवळ खूपच आखूड. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच जाते आणि शेवटी शेवटी जेमतेम २० सेंटीमीटर. तेवढंच संगीत, जागा निम्म्याहून कमी. १० हजार हर्ट्झची एक लाट बाहेरच्या कडेला ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असते, आत तीच २० मायक्रॉनमध्ये कोंबावी लागते. आणि साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन असते, मग ती त्या बारीक वळणांत शिरणार कशी? नाहीच शिरत नीट. म्हणून बाजू संपत आली की झांजा, टाळ्या, "स"कार थोडे मळके, कुरकुरीत ऐकू येतात. लंबवर्तुळाकार किंवा त्याहून बारीक घडवलेली सुई घेतली की हे बरंच सुधारतं, पूर्ण जात नाही.

आता जुने अल्बम या नजरेने बघा. बाजूची सुरुवात दणक्यात, आणि शेवटी एखादं संथ, हळुवार, कमी वाद्यांचं गाणं, असं कितीतरी अल्बममध्ये सापडेल. ती नुसती कलात्मक आवड नव्हती, आतल्या खाचेला दणका सोसत नाही हेही कारण होतं. बाजू वीस मिनिटांची असायची कारण त्याच्यापुढे ताणलं तर खाचा जवळ जवळ आणाव्या लागतात आणि आवाज दबतो. मग कलाकारांनी दोन बाजूंचे दोन अंक केले, पहिली बाजू कुठे सोडायची, दुसरी कशी उघडायची याचा विचार केला, आणि ऐकणाऱ्यांना वीस मिनिटं बसून ऐकायची सवय लागली. स्ट्रीमिंगवर तोच अल्बम सलग वाजला की मधला तो श्वास नाहीसा होतो, पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं एकमेकांना चिकटतात, आणि ते तसं ऐकायला बनवलेलंच नव्हतं.

मग सीडीचं काय? १९८२ मध्ये सीडी आली ती जवळपास प्रत्येक मापात वरचढ. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यातलं अंतर सीडीत ९६ डेसिबलच्या आसपास, रेकॉर्डमध्ये खूप चांगली असेल तर सत्तरपर्यंत. खसखस नाही, वेग डळमळत नाही, कितीही वेळा वाजवा झीज नाही. हे नाकारण्यात काही अर्थ नाही, आणि रेकॉर्डवर प्रेम करायला ते नाकारायची गरजही नाही. फक्त नव्वदच्या दशकापासून सीडीवरचं संगीत जास्तीत जास्त मोठं करायची चढाओढ लागली, हळू भाग वर ओढायचे, मोठ्या भागांची टोकं छाटायची, सगळं एकाच उंचीवर आणून सोडायचं. रेकॉर्डवर तसं करून फारसा फायदा होत नाही, खाच कापणारा शेवटी पातळी खालीच आणतो, म्हणून बऱ्याचदा व्हिनाईलसाठी वेगळं आणि कमी दाबलेलं मास्टर, म्हणजे प्रती काढण्यासाठी तयार केलेलं शेवटचं ध्वनिमुद्रण, वापरतात. त्यामुळे काही अल्बम रेकॉर्डवर खरंच चांगले ऐकू येतात, पण श्रेय मास्टरिंगचं आहे. याचा पुरावा म्हणून २०२२ चं प्रकरण बघा. मोबाईल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या आवृत्त्यांसाठी प्रसिद्ध, आणि कळलं असं की त्यांच्या बऱ्याच रेकॉर्ड्समध्ये मध्ये एक डिजिटल टप्पा होता, आणि तो कित्येक वर्षं होता. ग्राहक चिडले ते न सांगितल्याबद्दल, आणि ते योग्यच होतं. पण त्याच रेकॉर्ड्स शुद्ध ॲनालॉग, म्हणजे मध्ये कुठे आकडे न आलेल्या, म्हणून वर्षानुवर्षं वाखाणल्या गेल्या होत्या, कानाने कोणी पकडलं नव्हतं.

रेकॉर्ड बनते कशी हेही थोडक्यात, कारण जमवण्याचं वेड तिथूनच सुरू होतं. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा, म्हणजे कापता येईल अशा मऊ लेपाचा, थर, त्यावर कटिंग लेथ खाच कापते. या मशीन्स बहुतेक जुन्याच, जर्मनीच्या नॉयमन कंपनीने कित्येक दशकांपूर्वी बनवलेल्या, दुरुस्त करत करत चालवलेल्या. मग लॅकरवर चांदीचा पातळ थर, त्यावर निकेल चढवून उलटा साचा, त्यावरून सुलटा, त्यावरून परत उलटे, ते शेवटचे म्हणजे स्टॅम्पर. पीव्हीसीचे दाणे गरम करून केलेला गोळा दोन स्टॅम्परच्या मध्ये दाबला की अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार, लेबलसुद्धा त्याच दाबाने चिकटतं, गोंद लागत नाही. एक स्टॅम्पर साधारण हजारभर प्रती काढतो आणि मग झिजतो. हा सगळा डोलारा किती नाजूक आहे ते फेब्रुवारी २०२० मध्ये कळलं, कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला तेव्हा. जगात कापण्यासाठीच्या लॅकर चकत्या करणारे दोनच मोठे कारखाने होते, दुसरा जपानमध्ये. एक गेला.

म्हणजे एकाच अल्बमच्या दोन प्रती सारख्या असतीलच असं नाही. कोणी कापली, कुठल्या टेपवरून, कुठल्या कारखान्यात, स्टॅम्पर नवा होता की थकलेला. या सगळ्याच्या खुणा रेकॉर्डवरच असतात, शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात, ज्याला डेड वॅक्स म्हणतात. तिथे कोरलेले नंबर असतात, कधी कापणाऱ्याची आद्याक्षरं, कधी एखादं वाक्यसुद्धा. जमवणारे लोक भिंग घेऊन हे वाचतात, २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सची माहिती असलेल्या वेबसाईटवर पडताळून बघतात, आणि यात तासन् तास जातात. बाहेरून वेडेपणा वाटतो. पण हातात जी वस्तू आहे तिचा जन्म कुठे कसा झाला हे शोधण्याचं सुख खरं आहे, आणि फाईलला असा जन्म नसतो, तिची प्रत्येक प्रत सारखीच. कव्हरचंही तेच, बारा इंची चौकोनावर चित्र, आत गाण्यांचे शब्द, कोणी काय वाजवलं त्याची नावं, हे वाचत वाचत ऐकण्यात मन जितकं गुंततं तितकं स्क्रीनवरच्या नखाएवढ्या चित्राने गुंतत नाही. संगीताचे आकडे गोळा करणाऱ्या ल्युमिनेट कंपनीच्या २०२३ च्या पाहणीत तर असं दिसलं की अमेरिकेत रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांकडेच ती वाजवायचं मशीन आहे! यावर बरेच जण हसले. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही, आवडत्या कलाकाराचं काम घरात असावं ही इच्छा साधी आणि स्वच्छ आहे. फक्त त्या लोकांनी कधीतरी ती ऐकावी असं मात्र मनापासून वाटतं.

सुरुवात करायची असेल तर थोडं कामाचं. सूटकेससारखी छोटी स्वस्त मशीन्स शक्यतो टाळा, त्यातली बरीच सुईवर चार-पाच ग्रॅम किंवा जास्त भार टाकतात आणि भार बदलताही येत नाही. चांगल्या काट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतो. दोन ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण सुईचं टोक टेकतं ती जागा इतकी सूक्ष्म की दाब प्रति चौरस सेंटीमीटर टनांच्या हिशोबात जातो, म्हणून भार, टोनआर्मचा (काट्रिज धरणाऱ्या दांड्याचा) तोल आणि काट्रिजचा कोन नीट लावणं हे महागडं मशीन घेण्याइतकंच महत्त्वाचं. १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड म्हणजे आवाज चांगला असं काही नसतं, ती हाताला छान लागते आणि थोडी कमी वाकते इतकंच.

धूळ हा मोठा शत्रू, कार्बन फायबरचा ब्रश प्रत्येक वेळी लावण्याआधी फिरवायचा, खाचेला बोट लावायचं नाही, कडा आणि लेबल धरून उचलायची. रेकॉर्ड्स उभ्या ठेवायच्या, एकावर एक आडव्या रचायच्या नाहीत, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली तर वाकलीच म्हणून समजा. जुनी घेताना दिव्याखाली तिरकी धरून बघायची, नखाला न लागणारे ओरखडे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत, नखाला लागणारे येतात. आणि जी रेकॉर्ड चकचकीत दिसते पण सगळीकडे करकरते ती बहुतेक झिजलेल्या सुईने खराब केलेली असते, कितीही धुतली तरी ते जात नाही. तुमच्या हातून दुसऱ्या कोणाची तशी होऊ नये म्हणून सुई किती तास चालली याची नोंद ठेवा, हिऱ्याची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तासांत संपते, आवाज बिघडायची वाट न बघता त्याआधी बदलायची.